मियाँबीवी, एक बॅग आणि थायलंड



थायलंडचं नाव काढलं की आपल्याकडे लोक एका ठरावीक पद्धतीनं हसतात. पुरुष एकमेकांकडे पाहतात, बायका विषय बदलतात. त्यात जाणारं जोडपं पन्नाशीच्या आसपासचं असेल, मियाँच्या डोक्यावर टोपी आणि बेगमच्या डोक्यावर स्कार्फ असेल, तर मग विचारायलाच नको. आमच्या फुफींनी तर तोंडावर सांगितलं, "पैसे जादा हुए क्या? फिर उमरा कू जाओ!" उमरा आम्ही २०१९ मध्ये करून आलो, अलहम्दुलिल्लाह, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

या सदरात आम्ही आजवर खुलताबाद, बिदर, अजमेर अशा ठिकाणांविषयी लिहिलं. त्या सगळ्या प्रवासांत मुलं होती, सासूसासरे होते, कधी शेजारचं एखादं कुटुंबही होतं. बाकीचे प्रवास म्हणजे मालेगावला निकाह, औरंगाबादला मय्यत, मुंबईला दवाखाना. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच, कुठल्याही कामाशिवाय, असे कधी घराबाहेर पडलोच नव्हतो. मुलीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला लागला, आणि घरात अचानक दोनच ताटं वाढली जाऊ लागली. तेव्हा ठरवलं की एकदा जायचं, लांब जायचं, आणि टूर कंपनीशिवाय जायचं.

अडचण एकच होती. मियाँना नऊ वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि इन्सुलिन चालू आहे. जेवणाची वेळ टळली तर हात कापू लागतात. मुलगी म्हणाली, "अब्बूंना तिकडे वेळेवर हलाल खाणं मिळालं नाही तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या अख्ख्या प्रवासाची कसोटी हाच प्रश्न ठरला.

कसारा घाट ते हरवलेली बॅग

थायलंडच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एक तर १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे फिरायला जाण्यासाठी व्हिसा लागेनासा झाला. सुरुवातीला ही सवलत तीस दिवसांची होती, जुलै २०२४ मध्ये ती साठ दिवसांची झाली. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुन्हा पाहून घ्यावं. दुसरं म्हणजे मुंबईहून विमानानं जेमतेम साडेचार तास. घड्याळही आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे, त्यामुळे औषधांच्या वेळा फारशा हलत नाहीत.

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. द्वारका सर्कलहून गाडी सुटली तेव्हा हाताशी सात तास होते. कसारा घाटात एक कंटेनर आडवा झाला होता, आणि त्यातले तीन तास तिथेच गेले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आमच्या वेळी घाटाला दुसरी वाट नव्हती. बेगमनं घाटात बसून दरूद वाचला, मियाँनी ड्रायव्हरला चहा पाजला, आणि विमान मिळालं.

विमानतळावर पोहोचलो, आमची बॅग मात्र पोहोचली नाही.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत राहिला. लोक आपापल्या बॅगा घेऊन गेले. शेवटी एक फुटलेली छत्री तेवढी गोल गोल फिरत होती. आमच्या निळ्या बॅगेत दोघांचे कपडे, दोन मुसल्ले आणि आठ दिवसांचं खाणं होतं: नाशिकचा चिवडा, खाकरा, भाजलेले शेंगदाणे, सातूचं पीठ, लोणचं. म्हणजे मुलीच्या प्रश्नाला आम्ही दिलेलं उत्तरच त्या बॅगेत होतं.

इन्सुलिन, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि खजुराचं एक पाकीट मात्र हातातल्या पिशवीत होतं. ही गोष्ट प्रत्येक साखरवाल्यानं लिहून ठेवावी. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच टाकायचं नाही. एक तर बॅग हरवू शकते आणि दुसरं म्हणजे अति थंडीनं औषध निकामी होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असली की सुरक्षा तपासणीत कुणी अडवत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवावी लागते. बोर्डिंग पासला चिकटवलेली छोटी पट्टी तिथे दाखवावी लागते, म्हणून ती टाकून देऊ नये. बॅगेचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर काम सोपं होतं. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या कपड्यांच्या पावत्या ठेवाव्यात. वाजवी खर्च मागता येतो. एकवीस दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरलं जातं. खिडकीवरच्या मुलीनं दोन्ही हात जोडून, मान झुकवून सांगितलं की बॅग येईल. ती इतक्या अदबीनं सांगत होती की आम्हालाच तिची समजूत काढावीशी वाटली.

शंकरपाळ्याची खूण

आता खाण्याचं काय? हॉटेलच्या कोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हनचं दुकान होतं. ही दुकानं तिथे आपल्याकडच्या पानटपऱ्यांसारखी जागोजागी आहेत आणि बहुतेक रात्रभर उघडी असतात. आत शिरलो तर सगळी अक्षरं थाई. बेगमनं एकेक पाकीट उलटंपालटं करायला सुरुवात केली. आणि मग दिसली ती खूण: शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि त्यात अरबी अक्षरांत 'हलाल'. थायलंडच्या केंद्रीय इस्लामिक परिषदेची ही खूण. ब्रेड, बिस्किटं, दही, दूध, गरम करून मिळणारा भात, अशा कितीतरी पाकिटांवर ती होती.

थायलंड बौद्ध देश. तिथे मुसलमान शंभरात पाचच्या आसपास. तरी तो देश जगभर हलाल माल पाठवतो, आणि बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलाल पदार्थांची तपासणी करणारं खास विज्ञान केंद्र आहे. परक्या देशातल्या दुकानात रात्री अकरा वाजता ती खूण सापडल्यावर मियाँबीवींना जो आनंद झाला, तो सोन्याच्या दुकानातही झाला नसता.

पाकिटांवरची आणखी एक गंमत. दुधाच्या बाटलीवर वर्ष लिहिलेलं होतं २५६८! मियाँ म्हणाले, "हे दूध आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल." थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो. आपल्या इसवी सनात ५४३ मिळवले की त्यांचं वर्ष येतं. २०२५ म्हणजे २५६८. पाकिटावरची तारीख वाचताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

बाहेर खायचं तर दोन शब्द पाठ करावेत. 'आहान इत्सलाम' म्हणजे इस्लामी खाणं. हातगाडीवाल्यालाही हे कळतं. 'मै साय मू' म्हणजे डुकराचं मांस घालू नका. पण एवढ्यावर भागत नाही, कारण कढई तीच असते आणि चरबीही तीच असू शकते. म्हणून चंद्रतारा असलेली, हिरवी पाटी लावलेली किंवा चालवणारी बाई हिजाबात असलेली गाडी शोधावी. ती मिळाली नाही तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं 'जे' खाणं शोधावं. हे चिनी पद्धतीचं कडक शाकाहारी असतं. त्यात मांस, मासे, अंडी नसतातच, कांदा-लसूणही नसतो. आपले जैन शेजारी तिथे आनंदानं राहतील.

आणखी एक गोष्ट, जी छापताना संकोच वाटतो, पण आपल्या घरांत तिचं महत्त्व मोठं आहे. थायलंडच्या संडासात पाण्याची नळी असते. जवळजवळ सगळीकडे. यापुढे काही लिहायची गरज नाही.

बेगम बोटीत, मियाँ धक्क्यावर

त्या आठवड्यात बँकॉकच्या हवेत धूर इतका होता की सरकारनं २५ ते ३१ जानेवारी शहरातल्या लोकल गाड्या आणि बस मोफत केल्या. लोकांनी मोटारी घरी ठेवाव्यात हा हेतू. आम्ही घशात धूर आणि खिशात वाचलेले पैसे घेऊन शहरभर फिरलो. तिथला पैसा 'बात'. एक बात तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होता. एटीएममधून काढायला गेलं की दर वेळी दोनशेहून जास्त बात वरचे कापले जातात. म्हणजे बातों बातों में बात संपतात. लागणारी रक्कम एकदाच काढावी.

सेन सेप नावाच्या कालव्यातून बँकॉकमध्ये प्रवासी बोटी धावतात. बोट धक्क्याला लागते न लागते तोच निघते. कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या काठावरून दोरीला धरून चालतो आणि तिकिटं फाडतो. पाण्याचे फवारे उडू नयेत म्हणून बाजूला ताडपत्री असते आणि ती वर ओढायचं काम काठावरच्या प्रवाशांचं. आम्ही चढू लागलो. बेगम चढली. मियाँनी पाय उचलला आणि बोट निघाली. सिमकार्ड एकाच मोबाईलमध्ये होतं आणि तो मोबाईल बेगमच्या पर्समध्ये. सव्वीस वर्षांत प्रथमच आमच्या दोघांमध्ये इतकं पाणी आलं होतं.

बोटीतल्या बायकांना सगळं कळलं. एकीनं बेगमचा हात धरून तिला पुढच्या धक्क्यावर उतरवलं आणि बोटानं खूण केली, इथेच थांब. इकडे मियाँच्या शेजारी उभ्या शाळकरी पोरानं त्यांना पुढच्या बोटीत चढवलं. दहा मिनिटांनी धक्क्यावर भेट झाली तेव्हा बेगम कुणाशी तरी गप्पा मारत होती. कुठल्या भाषेत, हे अजून तिनं सांगितलेलं नाही.

आम्हाला जायचं होतं बान क्रुआ या मोहल्ल्यात. तिथल्या गल्ल्या आपल्या जोगवाड्यातल्या गल्ल्यांइतक्याच अरुंद. इथले लोक चाम वंशाचे मुसलमान, मूळचे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या रामाच्या काळात, ते सयामच्या बाजूनं लढले आणि राजानं त्यांना कालव्याकाठी जमीन दिली. त्यांचा हुन्नर रेशीम विणण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसानं इथल्या मागांवरचं रेशीम जगभर विकलं आणि थाई रेशमाचं नाव झालं. हा थॉम्पसन १९६७ मध्ये मलेशियात फिरायला गेला आणि कायमचा बेपत्ता झाला. कालव्याच्या पलीकडचं त्याचं लाकडी घर आता संग्रहालय आहे आणि तिथे पर्यटकांची रीघ असते. ज्यांनी रेशीम विणलं त्यांच्या अलीकडच्या काठावर मात्र फारसं कुणी येत नाही. विणकरांची घरंही आता मोजकीच उरली आहेत.

आम्ही येवल्याच्या जिल्ह्यातली माणसं. पैठणीचा माग कसा आवाज करतो हे आम्हाला ठाऊक आहे. मालेगावच्या मोमीन मोहल्ल्यात नातेवाईक असल्यामुळे, विणणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हा हिशेबही ठाऊक आहे. त्यामुळे बान क्रुआतला तो माग पाहताना दुभाष्या लागला नाही. या मोहल्ल्याची आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच्यावरून द्रुतगती मार्गाची उतरण काढायचं ठरलं होतं. मोहल्ल्यानं वर्षानुवर्षं विरोध केला, आणि ती उतरण झाली नाही. घरं उभी राहिली.

शुक्रवारी चारोएन क्रुंग भागातल्या हारून मशिदीत जुमा पढला. आम्ही पाहिलेल्या मशिदींत बायकांसाठी जागा होती, त्यामुळे बेगमला बाहेर पिशव्या सांभाळत बसावं लागलं नाही. मशिदीच्या आसपास हलाल खाणावळी आहेत. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की थाई लोक हिंदी, अरब, मलायी अशा सगळ्यांना 'खेक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. कधी कधी तो हिणवण्यासाठीही वापरला जातो. "दोनशे वर्षं राहिलो तरी पाहुणेच," असं म्हणून ते हसले. त्या हसण्यात जे होतं ते आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पण पाहुण्यांचा इतिहास तिथे मोठा आहे. इराणच्या कूम शहरातले शेख अहमद सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्या इथे व्यापारासाठी आले आणि राजाचे मंत्री झाले. सयामच्या मुसलमानांचे प्रमुख म्हणून 'चुलाराचमोन्त्री' हे पद त्यांच्यापासून सुरू झालं आणि ते आजही आहे. त्यांच्या वंशातलं बुन्नाग घराणं पुढे बौद्ध झालं आणि सयामच्या सर्वांत वजनदार घराण्यांपैकी एक ठरलं. १६८५ मध्ये इराणच्या शाह सुलेमानचं शिष्टमंडळ सयामला गेलं, त्याचं प्रवासवर्णन 'सफीना-ए-सुलेमानी' या नावानं आजही वाचलं जातं. फुफींना सांगितलं पाहिजे की थायलंडला जाणारे आम्ही पहिले टोपीवाले नव्हेत.

टोपीविक्याची गोष्ट

बॅग पाचव्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आली, कुलपासकट, चिवड्यासकट. दुसऱ्या रात्री आम्ही दक्षिणेकडच्या गाडीत बसलो. सकाळी सुरत थानीच्या स्टेशनवर उतरलो. गुजरातच्या सुरतेवरूनच हे नाव पडलं आहे हे कळल्यावर मियाँनी नंदुरबारमार्गे तिकीट मिळेल का, असं विचारून घेतलं.

तिथून क्राबीला जाणाऱ्या गाडीचं टायर रबराच्या बागांमध्ये फुटलं. जादा टायरही बसलेलं निघालं. ऊन चढत होतं आणि मियाँच्या न्याहारीची वेळ झाली होती. रस्त्यापलीकडे पत्र्याच्या छपराखाली हिजाब घातलेली एक बाई तव्यावर रोटी टाकत होती. पिठाचा गोळा तिनं हातानं असा भिरकावला की तो रुमालासारखा पातळ झाला. त्यावर अंडं फोडून, घड्या घालून आमच्यासमोर ठेवलं. 'रोटी' हा शब्दही आपलाच, शेकडो वर्षांपूर्वी समुद्रावरून गेलेला. शेजारच्या पातेल्यात जो रस्सा होता त्याचं नाव 'मस्समान'. दालचिनी, वेलदोडे, शेंगदाणे आणि नारळाचं दूध. हे नाव 'मुसलमान' या शब्दावरून आलं असं मानलं जातं. तासाभरानं टायर आलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच निघायची घाई नव्हती.

क्राबीजवळ आओ नांगच्या किनाऱ्यावर माकडं फार. वणीच्या गडावर माकडांशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांनाही इथे नवं काही शिकता येईल. मियाँ अस्रची नमाज पढून वाळूत बसले होते. मागून एक माकड आलं, डोक्यावरची पांढरी टोपी उचलून झाडावर गेलं. टोपीविक्याची गोष्ट प्रत्येक मराठी पोराला शाळेत शिकवलेली असते. मियाँनी आत्मविश्वासानं पिशवीतली दुसरी टोपी काढली, माकडाला दाखवली आणि जमिनीवर फेकली. माकड खाली उतरलं, दुसरी टोपीही उचलली आणि दोन्ही घेऊन निघून गेलं. थायलंडच्या शाळेत ही गोष्ट नसावी.

स्कूटर भाड्यानं घ्यावी असं आम्हाला वाटलं होतं. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते. पण दुकानदारानं गहाण म्हणून मूळ पासपोर्ट मागितला. आम्ही नको म्हटलं आणि रिक्षासारखी गाडी केली. परदेशात पासपोर्ट कुणाकडेही ठेवू नये. गाडीवर जुना ओरखडा दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. शिवाय तिथे चालवायचं तर आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि तोही दुचाकीचा. तो नसेल तर अपघातात विम्याचे पैसे मिळत नाहीत. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९.

पाण्यावरचं गाव

फांग-न्गाच्या खाडीत चुनखडीचे उभे डोंगर समुद्रातून वर आले आहेत. त्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी, पाण्यात रोवलेल्या खांबांवर को पन्यी नावाचं गाव उभं आहे. सगळं गाव मुसलमानांचं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जावाकडून आलेल्या कोळी कुटुंबांनी ते वसवलं. त्यांनी डोंगरावर झेंडा लावला म्हणून 'पन्यी', म्हणजे निशाण, असं तिथले लोक सांगतात. सपाट जमीन नसलेल्या या गावातल्या पोरांनी १९८६ चा फुटबॉल विश्वचषक टीव्हीवर पाहिला आणि जुन्या फळ्या जोडून पाण्यावर तरंगणारं मैदान बनवलं. चेंडू पाण्यात, मग मागून पोरगा पाण्यात. पुढे या गावाच्या संघानं दक्षिणेत नाव काढलं.

तिकडे जाणाऱ्या होडीला मागे लांब दांडा असतो आणि त्याला ट्रकसारखं इंजिन. आमच्या होडीचं इंजिन खाडीच्या मधोमध बंद पडलं. नावाडी तिशीतला मुलगा, त्यानं खोलखाल केली, फुंकलं, ठोकलं. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू तिवरांच्या बाजूला सरकत होती. मोबाईलला रेंज नव्हती. दीड वाजला. मियाँनी सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवण पन्यीला करायचं ठरलं होतं.

दोन वाजता मियाँच्या कपाळावर घाम आला. बोलणं तुटक झालं. बेगमनं हात धरला तर तो थंड होता आणि कापत होता. मुलीचा प्रश्न आता समोर येऊन बसला होता. पर्समधले चार खजूर बेगमनं बिया काढून एकेक करून भरवले. मियाँना चावायलाही वेळ लागत होता. नावाड्यानं पाहिलं. त्यानं इंजिन सोडलं, फळीखालून स्वतःचा डबा काढला. केळीच्या पानात बांधलेला, नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आत पिकलेलं केळं. स्वतःचं दुपारचं जेवण. त्यानं पान सोडलं आणि म्हणाला, "बिस्मिल्लाह." आतापर्यंत त्याचा आमचा एकही शब्द जुळला नव्हता. हा पहिला जुळलेला शब्द.

पंधरा-वीस मिनिटांत मियाँच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: "त्याच्यासाठी थोडं ठेवा." तेव्हा बेगम रडली. इतका वेळ तिनं रडायचं लांबणीवर टाकलं होतं.

साडेतीनच्या सुमाराला मासेमारीची एक होडी दिसली. दोर बांधून त्यांनी आम्हाला पन्यीला ओढत नेलं. परतायला उशीर झाला होता, म्हणून नावाड्याच्या नात्यातल्या एका आजींनी आम्हाला ठेवून घेतलं. पर्यटकांच्या बोटी गेल्यावर ते गाव बदललं. फळ्यांच्या गल्ल्यांतून पोरं कुराणाचे वर्ग संपवून धावत सुटली. सोनेरी घुमटाच्या मशिदीतून मगरिबची अजान झाली, आणि ती डोंगराला लागून परत आली. जेवणात भात, तळलेले मासे, हिरवा रस्सा. आजींना थाई आणि आम्हाला मराठी, उर्दू, तोडकी इंग्रजी. सगळं संभाषण चाललं ते सलाम, बिस्मिल्लाह, अलहम्दुलिल्लाह, माशाअल्लाह आणि बोटांवर. बोटांवर मुलं मोजली. त्यांची सहा, आमची दोन. मग त्यांनी एक बोट मुडपलं आणि वर आकाशाकडे दाखवलं. सहातलं एक गेलं होतं. बेगमनं त्यांचा हात हातात घेतला. त्याला भाषा लागली नाही.

आम्ही निळ्या बॅगेतला चिवडा काढला. नाशिकचा, तिखट. आजींनी एक घास खाल्ला, विचार केला, आत गेल्या आणि ताज्या मिरच्यांची वाटी घेऊन आल्या. त्यांना तो फिका वाटला होता!

रात्री फळ्यांखाली पाणी वाजत होतं. निघताना पैसे दिले तर आजींनी जेवणाचे घेतले नाहीत, खोलीचे तेवढे घेतले. नावाड्याला त्याच्या जेवणाबद्दल काही द्यावं म्हटलं तर तो हसून इंजिनाकडे पाहू लागला.

जाणाऱ्यांसाठी

१ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावं. क्राबीकडे जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल बरं, पुढे तिकडे पावसाळा. पट्टाणी, याला, नराथिवात या अगदी दक्षिणेच्या प्रांतांत मुसलमानांची वस्ती बहुसंख्य आहे, पण तिथे २००४ पासून अशांतता आहे, म्हणून आम्ही गेलो नाही. साखरवाल्यांनी जेवणाच्या वेळेआधीच खिशात काहीतरी गोड ठेवावं आणि सोबतच्या माणसाला लक्षणं शिकवून ठेवावीत: घाम, थरथर, तुटक बोलणं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

मुलीनं परतल्यावर पहिलं विचारलं, "अब्बूंना काही झालं नाही ना?" आम्ही तिला सगळं सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पुढच्या वेळी खजूर जास्त न्या." म्हणजे पुढच्या वेळेला तिची हरकत नाही, असा अर्थ आम्ही काढला आहे.

ज्या घरांत आता दोनच ताटं वाढली जातात, त्यांना आमचं इतकंच सांगणं आहे. थायलंडच असं नाही, त्र्यंबकच्या पलीकडचा घाट असेल, कोकणातलं एखादं बंदर असेल, पण दोघांनी एकदा दोघांचंच निघावं. सव्वीस वर्षांत आम्ही एकमेकांना घर चालवताना पाहिलं होतं. घाबरलेलं, हरवलेलं, माकडाच्या मागे पळणारं माणूस म्हणून पाहिलं ते याच बारा दिवसांत. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.